गोदामातील बुरशी आणि ‘अझोल’ औषध : कापडवाल्यांनी घ्यावयाची खबरदारी

पावसाळ्याचे चार महिने कापडाच्या धंद्यात बुरशीचे महिने असतात. ताका उलगडला आणि काळे-हिरवे ठिपके दिसले, कुबट वास आला, की व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी कोणीतरी एखादे औषध सुचवतो आणि आपण ते मारून मोकळे होतो. हे औषध कोणते, ते कशासाठी बनवले आहे, हाताला लागले तर काय होते, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. आम्हालाही नव्हती. ती कशी लागली, तेच आज सांगायचे आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या भिवंडीच्या गोदामाचे पत्रे गळले. ग्रे कापडाचे चाळीस ताके भिजले आणि आठ दिवसांत त्यांना बुरशी चढली. एका ओळखीच्या माणसाने थंड पेयाच्या बाटलीत पिवळसर, दाटसर औषध भरून आणून दिले. म्हणाला, “भाई, घाबरू नका. नायट्याच्या मलमात असते त्याच जातीची ही दवा आहे.” आम्ही विश्वास ठेवला. आमच्या एका कामगाराने बादलीत पाणी घेतले, औषध ओतले, हातानेच ढवळले आणि दारे बंद असलेल्या गोदामात पंपाने फवारले. तोंडाला फक्त रुमाल बांधला होता.

संध्याकाळी त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल झाले, डोळे चुरचुरू लागले, डोके दुखू लागले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, “औषधाचे नाव काय?” आमच्याकडे उत्तर नव्हते. बाटलीवर नाव होते ते थंड पेयाचे. औषध देणाऱ्याचा फोन बंद. सकाळी त्याच्या घरी जाऊन मूळ डबा आणला, तेव्हा कळले की ते प्रोपिकोनॅझोल २५ टक्के ईसी, म्हणजे पिकांवरचे बुरशीनाशक होते. कामगार आठवडाभरात बरा झाला. पण औषधाने भिजलेले त्याचे कपडे त्या रात्री त्याच्या बायकोने हाताने धुतले होते आणि तिला पाचवा महिना होता. डब्याबरोबरचे माहितीपत्रक आम्ही मुलाकडून वाचून घेतले, ते हे कळल्यानंतर. बाळ सुखरूप जन्माला आले, पण मधले चार महिने आम्ही कसे काढले ते आमचे आम्हालाच ठाऊक.

आणि चाळीस ताक्यांचे काय झाले? औषधाच्या तेलकट डागांवर रंग नीट धरला नाही. पार्टीने माल परत केला.

अझोल म्हणजे काय?

कापडवाल्यांच्या मनात प्रथम एक घोटाळा होतो, तो दूर करू. ‘अझो’ आणि ‘अझोल’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अझो हे रंग आहेत. त्यांतील काहींपासून कर्करोगाला कारण ठरणारे पदार्थ सुटतात म्हणून १९९४ साली जर्मनीने त्यांच्यावर बंदी घातली आणि १९९७ साली आपल्या केंद्र सरकारनेही अशा रंगांच्या हाताळणीवर बंदी आणली. अझोल हे रंग नव्हेत, ती बुरशी मारणारी रसायने आहेत. दोन्ही नावांच्या मुळाशी नायट्रोजन आहे, एवढेच त्यांचे नाते.

अझोलचे घराणे मोठे आहे. क्लोट्रिमॅझोल नायट्याच्या मलमात असते, फ्लुकोनॅझोल गोळीत असते. प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल ही शेतीची औषधे. प्रोपिकोनॅझोल परदेशात लाकूड, रंग, चामडे व कापड टिकवण्यासाठीही वापरले गेले आहे. आपल्याकडे ते गहू, भात, भुईमूग अशा पिकांच्या रोगांसाठी मिळते.

बुरशीच्या पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो धड राहण्यासाठी तिला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. तो बनवणाऱ्या एन्झाइमलाच अझोल अडवते. पडदा कच्चा राहतो आणि बुरशीची वाढ थांबते. मात्र त्याच घराण्यातील एन्झाइमे माणसाच्या यकृतात आणि हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथींतही असतात. धोक्याचे एक मूळ इथे आहे.

‘मलमातलेच आहे’ ही समजूत म्हणून खोटी आहे. क्लोट्रिमॅझोलच्या मलमात औषध साधारण १ टक्का असते. तो पदार्थ वेगळा, आणि माणसाच्या कातडीसाठीच तपासलेला. शेतीच्या डब्यात २५ टक्के औषध आणि बाकी बहुतेक द्रावक व साबणासारखे पदार्थ असतात. घराणे एक म्हणून सगळे भाऊ सारखे नसतात.

धोका कोठे आहे?

भारतात कीटकनाशकांच्या डब्यावर रंगीत चौकोन असतो, त्याच्या एका त्रिकोणात रंग भरलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. शुद्ध प्रोपिकोनॅझोल उंदरांवरील चाचणीच्या आकड्याने निळ्या गटात बसते. लोक म्हणतात, लाल नाही ना, मग चालेल. पण हा रंग फक्त एकदम पोटात गेल्यावर किंवा कातडीतून अंगात भिनल्यावर जिवाला किती धोका, एवढेच सांगतो. हळूहळू होणारा अपाय त्यात दिसत नाही.

असे अपाय तीन आहेत. पहिला कातडीचा. प्रोपिकोनॅझोलची ॲलर्जी जडू शकते. एकदा जडली की पुढे थोडासा स्पर्श झाला तरी अंग उठते. हातावर पोट असलेल्या कारागिराला ही जन्माची अडचण आहे. दुसरा गर्भाचा. युरोपीय संघाने हे रसायन गर्भातील बाळाला अपाय करू शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात ठेवले आहे आणि पिकांवरील वापराची त्याची परवानगी २०१८ मध्ये वाढवून दिली नाही. तिसरा पाण्याचा. मासे व पाण्यातील इतर जीवांना ते फार विषारी आहे. गटारात ओतलेली बादली शेवटी खाडीत जाते.

आपल्या मोहल्ल्यांत लूम, गोदाम आणि घर पुष्कळदा एकाच भिंतीला लागून असतात. घरातील बाया धागा कापतात, ताक्याची घडी करतात, मुले गाठींवर खेळतात. कारखान्यात जे औषध फक्त कामगाराला लागेल, ते आपल्याकडे सगळ्या घराला लागते.

आणखी एक बाब. गोदामातील बुरशीत ॲस्परजिलस ही जात पुष्कळदा असते. तिचे कण फुप्फुसात गेल्यास अशक्त माणसाला गंभीर आजार होतो आणि त्यावर डॉक्टर अझोल घराण्यातीलच औषधे देतात. शेतीतील अझोलच्या वापराने या औषधांना न जुमानणारी बुरशी तयार होते, असे युरोपात दिसले. अशी बुरशी भारतातही सापडल्याचे दिल्लीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये नोंदवले. विनाकारण फवारणी करणे म्हणजे उद्याच्या रोग्याचे औषध आज बोथट करणे होय.

हाताळावेच लागले तर

खळीसाठी किंवा ताडपत्रीच्या लेपासाठी बुरशीनाशक घेणारे आपल्यात आहेत. त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. कापड, खळ किंवा लेप यांसाठीच बनवलेला माल घ्या. शेतीचे औषध कापडावर मारू नका. ते त्यासाठी नोंदलेले नाही.

२. विकणाऱ्याकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. ‘कंपनी देत नाही’ म्हणणाऱ्याकडून माल घेऊ नका. परदेशी जाणारा माल असेल तर पार्टीला आधी विचारा. खळीत वापरले जाणारे पेंटाक्लोरोफेनॉल जर्मनीने १९८९ मध्ये बंद केले, तेव्हा खळीतील औषधसुद्धा सौदा मोडू शकते हा धडा आपल्या धंद्याला मिळाला.

३. औषध मूळ डब्यातच ठेवा. पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नका. डबा कुलपात आणि खाण्याच्या वस्तूंपासून दूर असावा.

४. हातात नायट्राइल रबराचे लांब मोजे, डोळ्यांना बंद चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. सुती मोजे औषध शोषून हाताशी धरून ठेवतात. वाफेसाठी काडतूस असलेला मास्क लागतो. रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

५. ढवळायला काठी घ्या. दारे-खिडक्या उघडी ठेवा. विडी, सिगारेट, गॅस जवळ नको, कारण ईसी औषधातील द्रावक पेट घेतो आणि जळताना विषारी धूर होतो. ब्लीचिंग पावडर व पेरॉक्साइड यांच्याजवळ डबा ठेवू नका.

६. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना या कामापासून आणि या कपड्यांपासून दूर ठेवा. कामाचे कपडे घरी नेऊ नका, तेथेच वेगळे धुवा.

७. रिकामा डबा घरात वापरू नका, भंगारात देऊ नका. भोके पाडून निकामी करा आणि विल्हेवाट लेबलावर लिहिल्याप्रमाणेच लावा.

अपघात झाला तर

अंगावर सांडल्यास कपडे लगेच उतरवा आणि साबणाने व भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाणी सोडा. पोटात गेल्यास उलटी करवू नका, कारण द्रावक फुप्फुसात शिरण्याची भीती असते. दूध-तेल पाजू नका. रोग्याला दवाखान्यात न्या आणि डबा सोबत न्या. या औषधावर खास उतारा नाही. डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात, म्हणून नाव कळणे हाच अर्धा उपचार आहे.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. ती औषधे कीटकनाशके होती, अझोल नव्हती. पण उघडे हात, बांधलेला रुमाल आणि न वाचलेले लेबल तेथेही होते आणि आमच्या गोदामातही होते.

खरा इलाज

बुरशीला तीन गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि खाणे. खाणे खळीतील स्टार्च पुरवतो, ऊब आपल्या हवेत आहेच. आपल्या हातात आहे ती ओल. पावसाळ्याआधी पत्रे तपासा. गाठी जमिनीवर नव्हे, फळ्यांवर ठेवा. भिंतीपासून हातभर अंतर सोडा. कापड पूर्ण सुकल्याशिवाय घडी घालू नका. ओल्या मालावर प्लास्टिक गुंडाळले तर ओल आतच कोंडते. आधी आलेला माल आधी काढा. हवेतील दमटपणा दाखवणारे लहान यंत्र बाजारात मिळते. आमच्या गोदामात ते आता भिंतीवर आहे आणि काटा ६५ च्या वर गेला की आम्ही पंखे लावतो. बुरशी लागलेला ताका वेगळा काढून मोकळ्या हवेत, मास्क लावून झटकावा, उन्हात सुकवावा आणि धुलाईला पाठवावा.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. इंग्रजी बारीक अक्षर आम्हाला आजही जड जाते, कामगारांना तर त्याहून जड. म्हणून गोदामाच्या दारावर वरील सात गोष्टी आम्ही उर्दूत आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून लावल्या आहेत. नवा माणूस कामाला आला की त्या त्याला वाचून दाखवतो, मग किल्ली देतो. चाळीस ताक्यांचे नुकसान एका हंगामात भरून निघाले. त्या चार महिन्यांत काही वाईट झाले असते, तर त्याची भरपाई कोणत्या खात्यातून केली असती, याचे उत्तर आमच्याकडे आजही नाही.