प्रश्न तुमचे : वेगळी शाळा, वेगळा कोपरा

प्रश्न : अमेरिकेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या सरकारी शाळा वेगवेगळ्या होत्या, त्या एकत्र करण्यासाठी मोठी न्यायालयीन लढाई झाली, असे वाचनात आले. आपल्याकडे दलित मुलांसाठी अशा वेगळ्या शाळा होत्या का? त्या कशा बंद झाल्या? आमच्या कंधारसारख्या निजामाच्या मुलखात काय स्थिती होती?
– एक वाचक, कंधार

उत्तर : होत्या. पण अमेरिकेत ही फाळणी कायद्याने केलेली होती, तर आपल्याकडे कायद्याने उघडलेले दार रूढी पुन्हा लावून घेत होती. त्यामुळे दोन्हीकडच्या लढाया वेगळ्या वाटांनी गेल्या.

सरकारी शाळेतल्या प्रवेशाच्या लढाईची आपल्याकडची पहिली ठळक नोंद 1856 ची, धारवाडची. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारला म्हणून एका महार मुलाने थेट सरकारकडे अर्ज केला. सरकारने मान्य केले की न्याय मुलाच्या बाजूने आहे. पण एकाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, असे म्हणून अर्ज फेटाळला. प्रकरण लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपर्यंत गेले. अखेर 1858 मध्ये मुंबई सरकारने जाहीर केले की, संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या मुलांना खुल्या राहतील. त्या अर्जदार मुलाचे नाव इतिहासात राहिले नाही, पण हा नियम त्याच्या अर्जातून निघाला.

नियम झाला, तरी वर्गात जागा मिळाली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले ते 7 नोव्हेंबर 1900 रोजी. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. नियमाला तोवर बेचाळीस वर्षे झाली होती. तरीही भीमराव वर्गात इतरांपासून दूर, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसत. शाळा सुटली की ते गोणपाट घरी न्यायचे, दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळायचे आणि शिपाई नसला तर त्या दिवशी कोरड्या घशानेच घरी जायचे. हे सगळे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. हजेरीपटावर नाव चढले म्हणजे भेद संपला, असे मानणाऱ्याने ते जरूर वाचावे.

आता वेगळ्या शाळांविषयी. सगळ्याच वेगळ्या शाळांना एका मापाने मोजू नये. 1850 च्या दशकाच्या आरंभी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात महार-मांग मुलामुलींसाठी शाळा काढल्या, कारण दुसरे कोणी त्यांना वर्गात घेतच नव्हते. त्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने 1906 मध्ये मुंबईत परळला शाळा सुरू केली, तीही याच गरजेतून. या शाळांनी दार उघडले. पण सरकार जेव्हा ‘तुमची शाळा तिकडे’ म्हणून मुख्य शाळेतून मुलांना बाहेर ठेवते, तेव्हा तीच वेगळी शाळा भिंत होते.

ही भिंत हुकमाने पाडली ती राजर्षी शाहू महाराजांनी. 1917 मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून ती मुले सर्वसाधारण शाळांत घ्यावीत, असा आदेश दिला. अमेरिकेतील 1954 च्या निकालाच्या 35 वर्षे आधीची ही गोष्ट! मुंबई इलाख्यात 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने यांच्याबरोबर सरकारी शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात होते. महाडचे चवदार तळे 1927 मध्ये याच ठरावाच्या आधाराने गाठले गेले. पाण्याची लढाई आणि शाळेची लढाई मुळात एकच होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तर साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहायला आणि एका पंगतीत जेवायला लावली.

कंधारचा भाग हैदराबाद संस्थानात असल्यामुळे मुंबई सरकारचे हे ठराव तुमच्याकडे लागू नव्हते. संस्थानात दलित मुलांसाठी भाग्यरेड्डी वर्मा यांनी 1910 मध्ये हैदराबाद शहरात शाळा सुरू केली. पण खेड्यापाड्यांत मुळात शाळाच कमी, त्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. त्यामुळे गरिबाच्या कोणत्याही मुलाची वाट लवकर खुंटायची. जातीचा अडसर त्यावर आणखी. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले आणि 26 जानेवारी 1950 ला राज्यघटना लागू झाली. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, तर कलम 29 ने सरकारी व सरकारी मदतीच्या शाळांत जात-धर्मावरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. त्याच 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले आणि मराठवाड्यातील दलितांच्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर तिथे घडला. कंधारात भाई केशवराव धोंडगे यांनी श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीमार्फत बहुजनांच्या मुलांसाठी शाळा उभ्या केल्या, हे तुम्ही जाणताच.

अमेरिकेत 17 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पुढे 1957 मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोचवायला राष्ट्राध्यक्षांना सैन्य पाठवावे लागले. 1960 मध्ये न्यू ऑर्लिन्सला सहा वर्षांची रूबी ब्रिजेस शाळेत आली, तर गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून घेतली. तिला एकच शिक्षिका वर्षभर एकटीला शिकवत होती. धारवाडच्या अर्जावर सरकारला 1856 मध्ये जी भीती होती, तेच तिथे शंभर वर्षांनी घडले. फरक एवढाच की तिथे सरकारने माघार घेतली नाही.

आणि हाच धोका आज आपल्या दारात आहे. ऐपत असलेले पालक मुलांना काढून खासगी इंग्रजी शाळेत घालतात, जिल्हा परिषदेच्या शाळेत गरिबांची आणि दलितांची मुले उरतात. कोणी हुकूम न काढता वेगळ्या शाळा तयार होतात. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या आहेत. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट देण्याचा राज्याचा फेब्रुवारी 2024 चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. म्हणजे ही लढाई अजून न्यायालयात उभी राहते आहे.

तेव्हा आपल्या गावच्या शाळेत एकदा जाऊन बघा. मुले कोणाशेजारी बसतात, पाण्याच्या टाकीवर कोणाला थांबवले जाते का, पोषण आहाराच्या खिचडीची पंगत एकच असते का, हे बघा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यात त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. त्या बैठकीला जा आणि खटकलेली गोष्ट लेखी मांडा. धारवाडच्या त्या मुलानेही एक अर्जच केला होता.