उघडलेले दार

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन नगरात, एका घराच्या ओसरीखाली काचेच्या बरण्या मांडलेल्या असत. त्यांत भुंगे आणि गांधीलमाश्या ठेवलेल्या असत. त्यांचे अन्न व उजेड बदलला म्हणजे त्यांच्या वागण्यात कोणता फरक पडतो, हे त्या घरातील एक लहान मुलगी वहीत टिपून ठेवी. तिचे नाव शर्ली जॅक्सन. तिचा जन्म दि. ५ ऑगस्ट १९४६ रोजी झाला. वडील टपालखात्यात नोकरीस होते. कन्येच्या या छंदाचे त्यांना मोठे कौतुक वाटे.

शर्ली कृष्णवर्णीय होती. त्या काळी तेथे गोऱ्या व काळ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगवेगळ्या असत. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अवैध ठरविला. पुढे शर्ली शाळेत पहिली आली व १९६४ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रविज्ञानसंस्थेत दाखल झाली.

दार उघडले होते. परंतु मने उघडली नव्हती. तिच्या वर्षात कृष्णवर्णीय मुली दोनच होत्या. एकदा काही मुली एकत्र बसून पदार्थविज्ञानाची उदाहरणे सोडवीत होत्या. शर्ली त्यांच्यात बसावयास गेली, तेव्हा त्यांनी तिला निघून जाण्यास सांगितले. ती खोलीत जाऊन रडली. मग डोळे पुसून तिने उरलेली उदाहरणे एकटीने सोडविली.

एप्रिल १९६८ मध्ये पुढील शिक्षणासाठी दुसरे विद्यापीठ पाहण्यास ती फिलाडेल्फियास गेली होती. तेथेच मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर गोळी झाडल्याची वार्ता तिच्या कानी आली. जेथे आपण एकाकी पडलो, ती जागा सोडणे सोपे होते. परंतु आपल्यामागून येणाऱ्यांचे काय? शर्लीने तेथेच राहण्याचा निश्चय केला. सहाध्यायांसह तिने विद्यार्थिसंघ स्थापिला आणि कृष्णवर्णीयांना अधिक प्रवेश मिळावा म्हणून संस्थेशी चिकाटीने बोलणी केली. पुढील वर्षी अशा नव्या विद्यार्थ्यांची संख्या पन्नासाच्या वर गेली. १९७३ मध्ये तिने मूलकणांच्या अभ्यासात डॉक्टरेट मिळविली. त्या संस्थेत हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय.

१९७६ पासून शर्लीबाईंनी बेल प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनांवर संशोधन केले. १९९५ मध्ये त्या देशाच्या अणुनियामक मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. १९९९ साली त्यांनी ट्रॉय येथील रेन्सेलर संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारले. १८२४ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेस तोवर स्त्री अध्यक्ष लाभलेली नव्हती. तेथे त्यांनी नव्या प्रयोगशाळा उभारल्या, मोठमोठ्या देणग्या मिळविल्या. त्यांचा कारभार सर्वांना रुचला असे नाही. २००६ मध्ये प्राध्यापकांनी मांडलेला अविश्वासाचा ठराव थोडक्या मतांनी फेटाळला गेला. तरीही २०२२ पर्यंत, तेवीस वर्षे, त्यांनी ती धुरा वाहिली.

ज्या मुलीस अभ्यासाच्या मेजावर जागा मिळाली नाही, तिने पुढे शेकडो विद्यार्थ्यांसाठी जागा केली. तिच्या कर्तृत्वाचा खरा प्रारंभ मात्र कोणत्याही पदापासून झाला नाही. तो फिलाडेल्फियाहून परतताना केलेल्या निश्चयापासून झाला.

अभ्यास
१. शर्लीने दुसऱ्या विद्यापीठात न जाण्याचे का ठरविले?
२. 'दार उघडले होते. परंतु मने उघडली नव्हती,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.