झालं का?

ठाकुरद्वारला दुसऱ्या मजल्यावर आमचं सीएचं छोटं ऑफिस आहे. सर, आर्टिकलशिपची दोन मुलं आणि मी. रिटर्नचा सीझन सुरू झाला की फोन माझ्याकडे. सोळा वर्षं झाली. त्या फोनने जे शिकवलं, त्यातलं थोडं.

१. 'झालं' हा शब्द किती जड आहे, हे मला २०२३मध्ये कळलं. परळच्या एक काकू, पेन्शनवर राहणाऱ्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, "झालं का गं माझं?" मी म्हणाले, "हो काकू, झालं. निर्धास्त राहा." रिटर्न अपलोड झालं होतं हे खरं, पण व्हेरिफाय व्हायचं होतं. आधारला जोडलेला मोबाइल मुलाकडे, मुलगा पुण्याला. तो ओटीपी सांगणार असं ठरलं आणि राहूनच गेलं. पूर्वी व्हेरिफाय करायला १२० दिवस मिळायचे. १ ऑगस्ट २०२२पासून ३० दिवस झाले. ते उलटले की व्हेरिफाय केल्याची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख धरतात. सप्टेंबरात चूक लक्षात आली, तोवर ३१ जुलै कधीच मागे पडला होता. उत्पन्न पाच लाखांच्या आत होतं म्हणून लेट फी १००० रुपयांवर भागली. ती सरांनी ऑफिसातून भरली. काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू झालं म्हणालीस, म्हणून मी परत विचारलं नाही." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आता मी फोनवर तुकड्यातुकड्याने सांगते: कागद मिळाले. हिशेब तयार आहे. अपलोड केलं. व्हेरिफाय बाकी आहे.

२. ओटीपी मागताना आपण माणसाकडे काय मागतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. बँका कानीकपाळी ओरडतात, कोणाला ओटीपी देऊ नका. आणि आम्ही सत्तरी उलटलेल्यांना फोन लावून आकडे वाचायला सांगायचो. दादरच्या एका आजोबांनी साफ नकार दिला. "आवाज तुमचाच वाटतोय, पण नुसत्या आवाजावर मी आकडा देणार नाही." काम अडलं म्हणून मी चिडले. घरी जाताना गाडीत डोकं शांत झालं, तेव्हा पटलं की बरोबर तेच होते. आज माझ्या आवाजाला आकडा सांगायची सवय लागली, तर उद्या एखाद्या चोराच्या आवाजालाही तो सांगितला जाईल. आता आम्ही ओटीपीसाठी फोन करत नाही. क्लायंट ठरलेल्या वेळी ऑफिसच्या नंबरवर स्वतः करतात, किंवा येतात. आजोबा आले. जिना चढून आधी पाणी प्यायले, चष्मा सदऱ्याला पुसला, आणि सहा आकडे एका बोटाने, प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत, स्वतः दाबले. मग स्क्रीनवरचा हिरवा टिक बघून म्हणाले, "आता झालं."

३. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत फोन खासगी नसतो. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावलेला, शेजारी सून भाजी निवडतेय, दारात नातू. आणि मी इकडून विचारतेय, "काका, त्या दुसऱ्या बँकेतल्या एफडीचं व्याज आयकर खात्याच्या एआयएसमध्ये दिसतंय." पलीकडे जी शांतता पसरली, ती मी विसरणार नाही. त्या एफडीबद्दल घरात कोणालाच माहीत नव्हतं. आता पहिला प्रश्न असतो, "आत्ता बोलता येईल ना?" आणि रकमेचा विषय आला की असं विचारते, की समोरच्याला नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागावं. मुलाने जरी वडिलांचं उत्पन्न विचारलं, तरी वडिलांनी सांगितल्याशिवाय सांगत नाही. त्यावरून बोलणी खाल्ली आहेत. खाईन.

४. मुदत वाढली की फोन कमी होतात, असं मला वाटायचं. २०२५ला ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि गर्दी सगळी गणपतीनंतर लोटली. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, त्याआधी फोन लावला की मागे ताशाच ऐकू यायचा, "ताई, विसर्जन होऊ दे, मग बघू." मग उरले नऊ दिवस. १५ तारखेला रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढल्याचं जाहीर झालं. तोवर आमची मुलं जेवलीही नव्हती.

५. "बघून सांगते" म्हटलं की वेळ सांगायची, आणि त्या वेळी फोन करायचाच, सांगायला काही नसलं तरी. यासाठी मी लांब वही ठेवते: नाव, वेळ, प्रश्न त्यांच्याच शब्दांत. रिफंडला उशीर आमच्या हातात नसतो. साडेचारला सांगून साडेचारला फोन करणं असतं.

६. तुमचं रिटर्न भरणाऱ्याला यंदा फोन कराल, तेव्हा नुसतं "झालं का?" विचारू नका. "व्हेरिफाय झालं का?" असं विचारा, आणि पावती मागून घ्या. आमच्याकडे विचारलंत तरी मला राग येणार नाही.