पिलाच्या सुया

आणलंस पिलू? दाखव. गोंडस आहे बाप्पा. पण बाहेर मातीत सोडू नको त्याला. फाटकासमोर राजापेठेतली अर्धी कुत्री येऊन जातात, आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, चपलेला चिकटूनही घरात शिरतो. फिनाईलनं त्याचं काही वाकडं होत नाही; ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसावं लागतं.

दीड महिन्याचं म्हणतोस ना? मग आधी जंताचं औषध, आणि सहा ते आठ आठवड्यांत पहिली सुई. हगवण किंवा ताप असेल तर थांबायचं. खरी गोम पुढं आहे. आईच्या चिकातून पिलाला थोडं संरक्षण मिळालेलं असतं. ते अंगात आहे तोवर लशीला काम करू देत नाही, आणि ते कधी ओसरेल हे पिलागणिक वेगळं. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी सुई, चार महिन्यांचं होईस्तोवर.

मला वाटायचं, डॉक्टर पैशांसाठी बोलावतात. माझ्या आधीच्या पिलाला एक सुई झाली, ते टुणटुणीत दिसलं, म्हणून रोज संध्याकाळी बडनेरा रोडवरच्या पानठेल्यापर्यंत न्यायला लागलो. अडीच महिन्यांचं असताना एका सकाळी त्यानं दूध हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुपारी उलट्या, रात्री रक्ताची हगवण. तो वास नाकात बसला की जात नाही. तीन दिवस सलाईन लावली. चौथ्या दिवशी टॉवेलात गुंडाळून नेलं. त्याचं लशीचं कार्ड अजून कपाटात आहे. त्यावर एकच स्टिकर.

स्टिकर लावून घ्यायचंच, बाटलीवरची मुदत स्वतः वाचून. आणि लस मेडिकलमधून आणायची वेळ आली, तर खिशात घालून नाही. तिला दोन ते आठ डिग्री लागतात, आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. थर्मासमध्ये बर्फ, बर्फावर फडकं, फडक्यात बाटली. फ्रीजरमध्येही नको, रेबीजची लस गोठली की वाया गेली. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बस. तोंड सुजलं, उलटी झाली, तर डॉक्टर समोर हवेत.

रेबीजची सुई तीन महिन्यांनंतर, मग दरवर्षी. मोठ्या कुत्र्याच्या बाबतीतच लोक ढिलाई करतात: ‘आता काय होते त्याले!’ उंदरांच्या मुतातून पावसाळ्यात पसरणारा लेप्टोचा रोग वय पाहत नाही. त्याचीही सुई दरसाल लागते. माझा वार्षिक हिशेब पोळ्याचा. बैल सजले की कुत्र्याचं कार्ड काढायचं. मागोमाग 28 सप्टेंबर येतो, पाश्चरचा स्मृतिदिन. जगभर रेबीज दिन पाळतात, बऱ्याच ठिकाणी शिबिरंही लागतात. पाश्चरनं 1885 साली पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या पोराला पहिल्यांदा लस टोचली होती.

आणि चावलंच कुणाला, अगदी आपल्या टोचलेल्या कुत्र्यानं का असेना, तर मिरची नाही, चुना नाही. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ पाहून, आणि सरळ इर्विन हॉस्पिटल गाठायचं.

कार्ड दे इकडं, पुढची तारीख कॅलेंडरवर लिहितो. अन् ती चप्पल काढ त्याच्या तोंडातून आधी.