तेलगाळणीचें रबरी कडें

इंजिनाची तेलगाळणी गळूं लागली म्हणजे दोष बसविणाराच्या माथीं मारला जातो. पुष्कळदा तो रचनेचाहि असतो, हें प्रस्तुत लेखकास स्वतःच्या पंपाच्या जुन्या इंजिनावरून कळलें.

जुन्या रचनेंत गाळणी लोखंडी वाटींत ठेवून ती वाटी लांब बोल्टानें वर आवळावी लागे. रबरी कडें मात्र वरच्या खांचेंत, दृष्टीआड. आमच्या मिस्त्रीनें जुनें कडें खांचेंत तसेंच असतां त्यावर नवें चढविलें. इंजिन सुरू होतांच दाबाखालीं नवें कडें निसटलें, आणि घटकेंत तेल जमिनीवर! दाबाचा काटा पडलेला वेळीं दिसला म्हणून बेअरिंगें वाचलीं.

१९५४ सालीं अमेरिकेंतील विक्स कंपनीनें फिरवून बसवावयाचा डबा आणला. अशा डब्यांत कडें डब्याच्याच खांचेंत धरलेलें असतें. सुटे भाग उरत नाहींत, त्यामुळें चुकीस जागा थोडी.

खरी मेख खांचेच्या मापांत आहे. रबर दाबलें म्हणून त्याचें घनफळ घटत नाहीं, तें बाजूस पसरतें. यास्तव कडें खांचेच्या किंचित् वर उठलेलें व बाजूस थोडी जागा मोकळी असावी लागते. जागा नसल्यास कडें धारेवर चिरडतें. उठाव नसल्यास धातूस धातु लागून तेल झिरपतें.

बसवितांना कड्यास स्वच्छ तेल माखावें. कोरडें रबर फिरतांना पिळवटतें. कडें टेकल्यावर हातानेंच सुमारें पाऊण फेरा द्यावा, अथवा डब्यावर छापलेलें प्रमाण पाळावें. पान्ह्यानें आवळलेला डबा पुढील खेपेस सुटतां सुटत नाहीं. जुना डबा काढल्यावर बैठकीवरून बोट फिरवून पाहावें. त्याचें कडें कधीं कधीं अजूनहि तेथेंच चिकटून राहतें.