दुसऱ्याला करून पाहता यावा असा पेपर

फार्माकॉलॉजीत नव्यानं आलेली मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, पेपर किती हवेत?" संख्या मी कधीच सांगत नाही. तुमचा पेपर हातात घेऊन अनोळखी माणसाला तोच प्रयोग करता आला पाहिजे, एवढं सांगते. त्यासाठी काय लागतं, ते इतक्या वर्षांत जसं कळत गेलं तसं लिहिते.

१. सुरुवात वहीपासून करा. उंदराचं वजन, खोलीचं तापमान, इंजेक्शनची वेळ, औषधाचा बॅच नंबर हे सगळं त्याच क्षणी लिहायचं, संध्याकाळी आठवून नव्हे. वनस्पतीवर काम असेल तर ती कुठून आणली, कोणत्या महिन्यात, खोड की पान, हेही हवं. नमुना जाणकाराकडून ओळखून घेऊन हर्बेरियममध्ये ठेवायचा. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं आणि लगेच वाद पेटला: ही खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती, की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा? ज्याच्याकडे नमुनाच नाही त्यानं अशा वेळी काय बोलावं?

२. पेपर कुठे छापला जातो यानं फरक पडतो, पण वाटतं त्या कारणानं नाही. सर्पगंधेची कथा मी दर वर्षी वर्गात सांगते. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्यातून लिहिलं की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते. त्याच सुमारास सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी तिच्यातली अल्कलॉइड्स वेगळी केली. काम पक्कं होतं, पण देशाबाहेर त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. पुढे मुंबईत डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी वर्षानुवर्षं ही मुळी रुग्णांना दिली आणि १९४९ मध्ये ५० रुग्णांचे रक्तदाबाचे आकडे 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले. त्यानंतर बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ती आपल्या रुग्णांवर वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपीननं निपचित पडलेले प्राणी एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. पार्किन्सनच्या उपचाराचा रस्ता तिथून निघाला आणि २००० साली कार्लसनना नोबेल मिळालं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी आधीच्या माणसाचं काम स्वतः करून पाहू शकलं. म्हणून जर्नल निवडताना इम्पॅक्ट फॅक्टर बघण्याआधी विचार करा: ज्याला हे काम पुढे न्यायचंय तो हे जर्नल वाचतो का?

३. औषध चाललं नाही, हाही निष्कर्षच. तो छापा. नाहीतर दुसऱ्या गावातला विद्यार्थी त्याच अर्काचे तेच डोस देऊन तितकेच प्राणी खर्ची घालेल. प्राण्यांच्या प्रयोगांना एथिक्स कमिटीची परवानगी लागते ती शोभेसाठी नाही.

४. नावांचा क्रम काम सुरू होण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. मेडिकल कॉलेजांत २०१५ नंतर काही काळ पदोन्नतीसाठी पहिल्या दोन लेखकांचेच पेपर धरले जात. त्या नियमानं चांगल्या चांगल्या विभागांत माणसांची तोंडं एकमेकांकडून फिरली. काही न करणाऱ्याचं नाव घालायचं नाही, मग तो कितीही वरिष्ठ असो. आणि ज्या टेक्निशियनच्या हातानं उंदराच्या शेपटीतली शीर अचूक सापडते, त्याचे आभार नाव घेऊन माना.

५. एच-इंडेक्स २००५ साली हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं काढला. आपले पेपर किती ठिकाणी उद्धृत होतात, एवढंच तो सांगतो. रुग्णाला काय मिळालं हे त्यात येत नाही.

६. मराठीत लिहा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीवर प्रयोगशाळेत काटेकोर काम केलं आणि त्याच हातानं झाडाफुलांवर 'वृक्षगान', 'फुलवा' लिहिलं. पदोन्नतीच्या अर्जात अशा पुस्तकांना रकाना नसतो. पण ज्यांच्या पैशावर आपलं संशोधन चालतं, त्यांच्यापर्यंत पोचायचा हाच रस्ता आहे, असं मी मनापासून मानते.

७. जुन्या पेपरबद्दल कोणी विचारलं, अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, तर त्याच आठवड्यात उत्तर द्या. वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून पाठवा, आकडे पाठवा. त्याचा निकाल आपल्यापेक्षा वेगळा आला असेल, तर त्याचे आकडेही मागवून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.