एक संगणक, अनेक विद्यार्थी आणि आवाजाची वाटणी

संगणक थोडे आणि विद्यार्थी अधिक, ही धाराशिव जिल्ह्यातील निवासी शाळांना नवी नसलेली गोष्ट. म्हणून आम्ही प्रत्येक लिनक्स संगणकावर विद्यार्थ्यांना स्वतंत्र खाती उघडून दिली. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठी पाठ ऐकत मुले शिकू लागली. तेव्हा एक अडचण ध्यानी आली. एकाचे खाते चालू असताना दुसऱ्याने आपले खाते उघडले की पहिल्याचा पाठ मूक होई.

प्रथम आम्हांस तो यंत्राचा दोष वाटला. चौकशीअंती ती प्रणालीने हेतुपूर्वक केलेली व्यवस्था असल्याचे कळले. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत पडद्यासमोर बसलेल्या वापरकर्त्यालाच ध्वनियंत्राची परवानगी मिळते. खाते बदलताच ‘लॉगिनडी’ ही सेवा ती परवानगी एकाकडून काढून दुसऱ्यास देते. विविध आवाज एकत्र मिसळणारी पल्सऑडिओ किंवा पाइपवायर ही सेवाही प्रत्येक खात्यासाठी वेगळी चालते.

यावर सोपा उपाय म्हणून सर्वांना ‘ऑडिओ’ गटाचे सदस्य करण्यास सांगितले जाते. आम्हीही तेच केले. परंतु ही परवानगी स्पीकरपुरती नसते, मायक्रोफोनही तिच्यात येतो. मागे उघड्या राहिलेल्या खात्यातून समोर बसलेल्याचे बोलणे मुद्रित होऊ शकते. शिवाय एका खात्याने यंत्र धरून ठेवल्यास दुसऱ्यास आवाजच मिळत नाही. वसतिगृहातील मूल याच संगणकावरून आईवडिलांशी बोलते, हे लक्षात येताच आम्ही सर्वांची नावे त्या गटातून काढली.

दुसरा मार्ग म्हणजे एका खात्याची पल्सऑडिओ सेवा सॉकेटद्वारे इतरांस खुली करणे. यात सर्वांचे आवाज एकत्र ऐकू येतात. मात्र मायक्रोफोनचा धोका कायम राहतो. म्हणून हा मार्ग मायक्रोफोन नसलेल्या संगणकावरच योग्य.

एका संगणकास दोन पडदे व दोन कळफलक जोडले असतील, तर प्रत्येक आसनास वेगळे यूएसबी साउंड कार्ड द्यावे. लॉगिनडी ते त्या आसनाशी बांधून ठेवते. मग दोघे एकाच वेळी ऐकतात आणि एकाचे बोलणे दुसऱ्याच्या हाती जात नाही.

सामायिक साधन वापरताना शेजाऱ्याच्या बोलण्याचा मान राखावा, एवढा बोध विद्यार्थ्यांनी यातून घ्यावा, ही आमची अपेक्षा.